काचेची बुचं: वागळे इस्टेटमधल्या गाळ्यातल्या नोंदी

रविवार, ८ जून २०२५

ठाण्यात नौपाड्यातल्या भेटवस्तूंच्या दुकानाची ऑर्डर पक्की झाली. वाइनच्या बाटलीची शोभेची बुचं, खाली बाटलीत जाणारा स्टीलचा भाग, वर काचेचा गोळा, गोळ्यात फूल. नमुने गणपती उठले की दाखवायचे, माल दिवाळीआधी. बाईंना विचारलं, घेणारे कोण? म्हणाल्या, "निम्मे वाइनवाले. बाकीचे रिकाम्या बाटल्या धुऊन त्यात कोकमाचं आगळ ठेवतात, घाण्याचं तेल ठेवतात. बाटली सुरेख असते हो, पण तिचं बूच कधीच गेलेलं असतं." म्हणजे वाइन, आगळ आणि तेल या तिन्हींना पुरेल असं बूच हवं.

म्हणून सुरुवात काचेपासून नाही, वर्नियरपासून. घरातल्या, शेजारच्या आणि भंगारवाल्याकडून आणलेल्या बाटल्या मापायला घेतल्या. कॉर्कवाल्या वाइनच्या बाटलीचं तोंड आतून १८.५ मिमी असतं, अर्धा मिमी इकडेतिकडे. हातातली मापंही त्याच घरात आली. पण ही नळी खाली सरळ जात नाही, थोडी थोडी रुंदावत जाते. २४ मिमीचं कॉर्क दाबून आत सोडतात, ते आत फुलतं आणि तिथेच धरून बसतं. आपलं बूच रोज काढायचं-घालायचं आहे, तेव्हा पकड तोंडापासच्या पहिल्या दोन-अडीच सेंटिमीटरांतच मिळवायला हवी.

नाशिककडची बरीच वाइन आता फिरकीच्या झाकणात येते. त्या बाटल्यांना शोभेशिवाय या बुचाची काहीच गरज नाही, झाकण परत फिरवलं की काम झालं. तरी त्यांचीही तोंडं मापून ठेवली, कारण आगळ भरायला लोक त्याच बाटल्या वापरतात. तेलाच्या प्लास्टिक बाटल्या सोडून दिल्या.

गुरुवार, १२ जून

संध्याकाळी काकांच्या गाळ्यावर. काकांची हयात प्रयोगशाळांची काच फुंकण्यात गेली: कंडेन्सर, फ्लास्क, सांधे. माप ऐकल्या ऐकल्या म्हणाले, "अगं, मग स्टील कशाला? पूर्ण काचेचंच कर. बी१९ चा सांधा लाव खाली, वर तुझं फूल."

कल्पना वाईट नाही. बी१९ म्हणजे प्रयोगशाळेच्या काचसामानातला ठरलेल्या मापाचा घासलेला सांधा. त्याचा शंकू वरच्या अंगाला १८.८ मिमी, लांबी २६ मिमी आणि दर १० मिमीला १ मिमी निमुळता. १८.५ च्या तोंडात तो बरोबर जातो, जवळजवळ पूर्ण. काकांनी खोक्यातून एक पोकळ स्टॉपर काढून दिला, बाटलीत बसवला, पाणी भरून उलटी केली. थेंब थेंब गळायला लागली. सांध्यात दोन्ही काचा एकाच उताराला घासलेल्या असतात, त्या अंगभर एकमेकींना भिडतात. बाटली इकडे वरून अरुंद आणि खालून रुंद, आणि आपला शंकू वरून रुंद आणि खालून अरुंद. दोघांची गाठ पडते फक्त तोंडाच्या कडेवर, एका रेषेत. त्या रेषेत बाटलीच्या साच्याची शिवण आली की संपलंच. शिवाय काचेवर काच दाबून बसवली की एखाद दिवशी ती अडकते आणि काढताना कडेचा टवका उडतो. खाणाऱ्या-पिणाऱ्या गोष्टीत टवका नको.

काकांना हे फारसं पटलं नाही. "तू ग्रीस लाव थोडं," म्हणाले. वाइनमध्ये ग्रीस! दोघेही हसलो, पण स्टॉपर त्यांनी खोक्यात परत ठेवला नाही.

सोमवार, १६ जून

काच कोणती, याचा निकाल. माझ्याकडे फिरोझाबादच्या बांगडीकाचेच्या रंगीत कांड्या आहेत, रंग असे की पाहत राहावं. काकांकडे बोरोसिलिकेटचे, म्हणजे प्रयोगशाळेच्या काचेचे रॉड, बिनरंगी. थोडक्यात बोरो. दोन्ही एकत्र वापरण्याचा मोह सगळ्यांना होतो, म्हणून धाग्याची चाचणी करून दाखवते, पुढे कुणी विचारलं तर ही नोंद वाचायला देता येईल.

दोन काचांची टोकं ज्योतीत शेजारी शेजारी चिकटवायची, चांगली तापवायची, पण पिळायची नाहीत, आणि चिमट्याने ओढून केसासारखा लांब धागा काढायचा. धाग्याच्या एका अंगाला एक काच, दुसऱ्या अंगाला दुसरी. गार होताना जी काच जास्त आकसते तिच्या बाजूला धागा वाकतो. बांगडीकाच आणि बोरो यांचा धागा डोळ्यांदेखत वळून कडं झाला, बांगडीकाच आतल्या अंगाला. बोरोचं प्रसरण अंशाला ३.३, दशलक्षात मोजलेलं. सोड्याच्या काचेचं (बांगडीकाच त्यातलीच) ९ च्या आसपास, हाताने काम करायच्या मऊ काचांचं त्याहूनही वर. गोळ्यात ही दोन एकत्र आली तर गोळा भट्टीतून अख्खा निघेल आणि कपाटात तडकेल.

बांगडीकाचेच्याच दोन कांड्या, दोन वेगळ्या गठ्ठ्यांतल्या, त्यांचाही धागा किंचित वाकला. तेव्हा ठरलं: बोरो. रंग त्याच ३.३ प्रसरणाच्या काचेतले, बाहेरून आलेले, महाग. रंगांची संख्या कमी ठेवू.

काकांचे वडील ओगलेवाडीच्या काच कारखान्यात होते, प्रभाकर कंदिलांच्या काळात. काका सांगत होते, पावसाचा एक थेंब तापल्या चिमणीवर पडला की चिर्र आवाज आणि काच उभी फुटायची. "त्या काचेला हा रॉड दाखवला असता तर तिला लाज वाटली असती." गाळ्याचं दार उघडं, बाहेर मुसळधार, आणि काकांनी मुद्दाम गरम रॉडवर ओले बोट टेकवून दाखवलं. बोट त्यांचंच, म्हणून मी काही बोलले नाही.

रविवार, २२ जून

स्टील काचेत थेट रोवता येईल का, असं खालचा स्टीलचा भाग करणाऱ्या टर्नरदादांनी विचारलं. कागदावर मांडलं. स्टेनलेस अंशाला १७ च्या आसपास, बोरो ३.३. फरक साधारण १४. आठ मिमीचा स्टड, म्हणजे काचेत शिरणारी स्टीलची दांडी, आणि काच घट्ट होते तिथपासून खाली ५०० अंशांचा प्रवास: स्टील काचेपेक्षा ०.०५ मिमीहून जास्त आकसणार. ऐकायला किरकोळ, काचेला नाही. तेच गार काचेत भोक पाडून डिंकाने बसवलं, तर ठाण्याच्या उन्हाळ्या-हिवाळ्यातला ३० अंशांचा फरक ०.००३ मिमीच्या घरात राहतो. तेवढं एपॉक्सी सहज सोसतं.

खालचा भाग ठरला तो असा: अंग १६ मिमी, तोंडाशी उतार, दोन खाचा १.३ मिमी खोल, त्यात ३ मिमी जाडीच्या सिलिकॉनच्या ओ-रिंगा. रिंग बसल्यावर बाहेरून १९.४ भरते. १८.५ च्या तोंडात प्रत्येक बाजूला ०.४५ दबते, म्हणजे जाडीच्या १५ टक्के. १९ च्या तोंडात ०.२. पकड दोन्हीकडे राहते. काळ्या नायट्राइल रिंगा स्वस्त आहेत, पण हुंगून बघा. तो वास पांढऱ्या वाइनला लागल्याशिवाय राहणार नाही. खाद्यपदार्थांसाठीचं सिलिकॉनच घ्यायचं.

"ताई, ३०४ चालेल ना?" दादांनी विचारलं. ३०४ आणि ३१६ हे स्टेनलेसचे प्रकार. ३०४ वाइनला चालेल, तेलालाही. आगळाचा प्रश्न आहे. आगळात आंबटपणा तर आहेच, वर भरपूर मीठ. मिठातला क्लोराइड ३०४ ला बारीक खड्डे पाडतो. ३१६ मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, ते इथे कामाला येतं. बाजारात मिळणारं झिंकवर क्रोम चढवलेलं एक बूच आणि ३०४ व ३१६ चे तुकडे आजच आगळाच्या बरण्यांत बुडवून ठेवले.

बुधवार, ९ जुलै

आज फूल. गोकर्ण घेतलं. कारण सरळ आहे: कोबाल्टचा निळा ज्योतीत रुसत नाही. तांब्याचा रंग ऑक्सिजन जास्त असला तर हिरवट-निळा, कमी पडला की लालसर होतो. नव्या हाताला तो नको.

कृती तपशिलात. रॉडचं टोक तापवून ग्राफाइटच्या पाटीवर टेकवायचं, चपटा माथा होतो, रुपयाहून थोडा मोठा. त्याच्या तोंडावर निळ्या बारीक कांडीने पाकळ्यांचे ठिपके, कडेकडेने. ठिपके बसवून वितळवून सपाट केले की खरं काम सुरू. ज्योत मध्यावर नाही, कडेवर. रॉड सतत फिरत ठेवायचा. कड मऊ झाली की स्वतःच्या वजनाने आणि पृष्ठताणाने आत वळायला लागते आणि ठिपक्यांना आपल्याबरोबर आत ओढते. ठिपका लांबतो, त्याची पाकळी होते. घाई केली, मध्यावर ज्योत गेली, तर सगळे ठिपके एका जागी गोळा होऊन निळा डाग उरतो. हळू तापवलं तर प्रत्येक पाकळी सुटी राहते. माथा बंद होऊन गोळा झाला की बंद झालेल्या बाजूला दुसरा रॉड चिकटवायचा, मूळ रॉड तापवून ओढून काढायचा आणि जिथे तो होता ती बाजू गोल करायची. फूल तिथून दिसतं, भिंगातून पाहावं तसं मोठं होऊन. पाठ मागे राहिली, तिथे भोक येणार.

निळा जाड झाला की काळा दिसतो. पहिले गोळे गाळ्यात ट्यूबलाइटखाली चक्क काळे वाटले, बाहेर नेले तर निळे. ठिपके निम्मे केले, कांडी ओढून बारीक केली. आता फूल घरातही निळं.

डोळ्यांवर डिडिमियमचा चष्मा. तापल्या काचेतून सोडियमची पिवळी झळ येते, ५८९ नॅनोमीटरची, तिच्यामुळे आतलं काहीच दिसत नाही. चष्मा नेमका तो पिवळा गिळतो.

शनिवार, १९ जुलै

भट्टीचा कार्यक्रम: ५६५ अंशांवर एक तास, मग तासाला ६० अंशांनी ४८० पर्यंत, मग बंद करून दार न उघडता सकाळपर्यंत. बोरोची काच ५१० च्या आसपास इतकी घट्ट होते की त्याखाली नवा ताण कायमचा बसत नाही. वरच्या टप्प्यात राहिलेला ताण मात्र काचेत कोंडून राहतो. तो डोळ्यांना दिसत नाही, वजनाला कळत नाही. गोळा देखणा असतो आणि आतून तयार नसतो.

बघायचं कसं? जुना एलसीडी मॉनिटर, त्यावर कोरं पांढरं पान. मॉनिटरचा प्रकाश मुळातच एका दिशेला गाळलेला असतो. समोर पोलराइज्ड गॉगल धरून फिरवला की एका जागी पडदा काळाठिक्कर होतो. आता मध्ये काच धरायची. ताण असेल तिथे काळ्यावर उजेड फुटतो.

चपट्या काचेला एवढं पुरतं. गोळ्याला नाही, कारण गोळा स्वतःच भिंग आहे, उजेड वाकवून सगळा गोंधळ करतो. यावर काकांकडचा तोडगा, आणि या सगळ्या कामात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट: ग्लिसरीन. केमिस्टकडून आणायचं, बीकरमध्ये ओतायचं, गोळा त्यात सोडायचा. ग्लिसरीनचा अपवर्तनांक १.४७३, बोरोचाही तेवढाच. काच दिसेनाशी होते. गोळा आहे, हाताला लागतो, पण बीकरमध्ये फक्त निळं गोकर्ण तरंगतंय. कड नाही, चकाकी नाही. आणि मग मॉनिटर-गॉगलमध्ये जे काही चमकतं ते फक्त ताण. (बीकरही नीट ॲनील केलेला, म्हणजे भट्टीत सावकाश गार करून ताण घालवलेला हवा, नाहीतर त्याचाच ताण मोजत बसाल.)

भट्टीत न गेलेला एक गोळा मुद्दाम ठेवला होता. त्यात काळा क्रॉस आणि चार कोपऱ्यांत चार उजळ पाकळ्या. भट्टीतून आलेल्यात जवळपास अंधार. पण फुलाच्या गळ्यात जो पांढरा ठिपका दिला होता, त्याच्याभोवती एक उजळ कडं आहे आणि ते पुन्हा भट्टीत घालूनही गेलं नाही. हा थंड होण्यातला ताण नाही, हा पांढऱ्याचं आणि बिनरंगीचं प्रसरण जुळत नसल्याचा ताण. भट्टी पहिला घालवते, दुसरा घालवू शकत नाही. ती पांढरी कांडी काकांच्या जुन्या साठ्यातली, वेष्टणावरचं लेबल केव्हाच गेलेलं. बाजूला काढली. नव्या पांढऱ्याने कडं दिसत नाही.

शुक्रवार, २५ जुलै

शुक्रवारी इस्टेटला सुट्टी, लाइटची देखभालही त्याच दिवशी निघते. दुपारी ५६५ वर असतानाच लाइट गेली. दार उघडलं नाही. विटांची भट्टी आहे, हळूच उतरली असेल अशी आशा.

शनिवार, २६ जुलै

आशेला ग्लिसरीनने उत्तर दिलं: मोठ्या गोळ्यांत फिकट क्रॉस, लहानांत काही नाही. गोळे टाकायचे नाहीत. काका म्हणाले, "परत चढव, बिघडलं काय?" गार भट्टीत ठेवून सावकाश वर नेले, पुन्हा तासभर ५६५, पुन्हा तोच उतार. (सोमवारची भर: क्रॉस गेलेला.) यापुढे भट्टी शुक्रवारी लावायची नाही, आणि पॅनेलवर लाइट आल्यावर आपोआप सुरू न होणारी सेटिंग ठेवली, म्हणजे अर्धवट उतरलेल्या काचेवर ती भर वेगाने परत चढणार नाही.

रविवार, १० ऑगस्ट

पाठी घासणं आणि भोकं. जाड काचेच्या पाटीवर सिलिकॉन कार्बाइडची पूड आणि पाणी, आठच्या आकड्यात गोळा फिरवत, जाडीकडून बारीककडे: १२० नंबर, २२०, ४००. प्रत्येक टप्प्याला हात आणि पाटी स्वच्छ धुवायची, एक जाड कण राहिला तरी ओरखडा परत येतो. भोक पोकळ डायमंड ड्रिलने, गोळा पाण्यात बुडवून, हात हलका. १२ मिमी खोल. मध्ये काचेची कांडी उरते, ती बारीक पेचकसाने बाजूला दाबली की बुंध्याशी मोडते. कंटाळवाणं काम, पण यात घाई करण्यासारखं काही नाही. रेडिओ लावला.

आगळाच्या बरण्या उघडल्या. क्रोमवाल्या बुचाच्या कडेला प्लेटिंग फुगून खाली पांढरी बुरशीसारखी पूड. ३०४ वर खाचेच्या सावलीत दोन-चार तपकिरी टिपके. ३१६ जसं होतं तसं. दादांना फोन केला: सगळे ३१६ मध्ये. भाव वाढला. वाढू दे.

रविवार, १७ ऑगस्ट

चिकटवणं. हवेत इतका दमटपणा की पुसलेली काच बघता बघता पुन्हा ओलसर. आयसोप्रोपिलने पुसून गोळे ओव्हनमध्ये ७० अंशांवर कोरडे केले, कोमट असतानाच हळू घट्ट होणारं दोन नळ्यांचं एपॉक्सी. पाच मिनिटांत घट्ट होणारं वापरलं नाही, ते पाण्यात आणि उष्णतेत लवकर हार मानतं, आणि ही बुचं लोक गरम पाण्याने धुणार. स्टडभोवती पाव मिमीची जागा सोडली आहे. तासाभराने पाहिलं तर एक गोळा तिरका, काडी लावून सरळ केला.

रविवार, २४ ऑगस्ट

गळतीची परीक्षा. बाटल्यांत आगळाचं पाणी, कारण त्याचा डाग लपत नाही. खाली पांढरा कागद, बाटल्या रात्रभर उलट्या. सकाळी कागद कोरे. फक्त फिरकीवाल्या एका बाटलीखाली गुलाबी वर्तुळ. तिच्या तोंडात आतल्या बाजूला साच्याची शिवण उठलेली, बोटाला लागते. बाटलीचा दोष, बुचाचा नाही, पण गिऱ्हाइकाला ते सांगून उपयोग नाही. वरच्या रिंगेचं बाहेरचं माप ०.२ वाढवायला खाच थोडी उथळ करून घेतली. आता तीही धरते.

३५ मिमीचा गोळा ५० ग्रॅमच्या आसपास भरतो. ४० चा केला तर ७५. रिकामी बाटली साधारण अर्धा किलो असते तरी ४० चा गोळा डोक्यावर जड दिसतो. ३५ कायम.

मंगळवार, ९ सप्टेंबर

गणपती उठले, नमुने दाखवले. बाईंनी आधी फूल पाहिलं, मग बूच घालून-काढून पाहिलं, मग पुन्हा घातलं. ती सिलिकॉन दबल्याची "पुक्" त्यांना आवडली. गोकर्ण पसंत. मोर करता येईल का, हा प्रश्न आलाच. गोळ्यात मोर होत नाही, होतो तो निळा कोंबडा. तसं सांगितलं. जास्वंद मागितली, लाल महाग पडेल असं मी सांगितलं, तयार झाल्या.

मग म्हणाल्या, कार्डावर "सर्व प्रकारच्या बाटल्यांसाठी" लिहा. नाही. फसफसणाऱ्या वाइनच्या बंद बाटलीत पाच-सहा वातावरणांइतका दाब असतो. १८.५ मिमीच्या तोंडावर पाचाचा हिशेब धरला तरी साडेतेरा किलोचा धक्का. उघडलेल्या बाटलीत तो कमी होतो, पण बाटली उन्हात राहिली तर पुन्हा चढतो, आणि वर ५० ग्रॅमचा काचेचा गोळा. नीरेचंही तेच, सकाळची नीरा दुपारपर्यंत आंबायला लागते. बाईंना नीरेचा मुद्दा लगेच पटला, शॅम्पेनचा नाही.

"वाइन ताजी राहते" हेही लिहिणार नाही. बाटली अर्धी झाली की उरलेल्या जागेत हवा आधीच शिरलेली असते, आणि सिलिकॉनमधून ऑक्सिजन थोडा थोडा जातोच. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस, त्यापुढे वाइन स्वयंपाकात.

शनिवार, १३ सप्टेंबर

कार्डाचा मजकूर पक्का झाला:

"वाइन, सरबत, आगळ, तेल, व्हिनेगरसाठी. फसफसणारी पेयं, नीरा, अजून आंबत असलेलं काहीही यांसाठी नाही. हाताने धुवा, डिशवॉशर नको. काढताना गोळा पिळू नका, स्टीलच्या कडेला धरून सरळ वर ओढा. रिंग सैल झाली तर दुकानात मिळेल."

सुट्या रिंगा प्रत्येक खोक्यात दोन, म्हणजे शेवटचं वाक्य बहुतेकांना लागणारच नाही. दादांकडे ३१६ च्या खालच्या भागांची ऑर्डर टाकली, पंधरवड्यात येतील. काकांनी जास्वंदीसाठी लालचा धागा ओढून ठेवला आहे, बिनरंगीबरोबर सरळ निघाला. तो बी१९ चा स्टॉपर त्यांच्या चहाच्या डब्याशेजारी, आत कुणीतरी वेलची भरून ठेवली आहे.